न काढलेला केसपेपर

१

फाईल बुधवारी गेली आणि शुक्रवारपर्यंत हॉस्पिटलने गुन्हेगार ठरवूनही टाकला. चौकशी तेवढी राहिली होती. त्यासाठी सोमवारी मला बोलावणं आलं.

मी इथली जुनी मेट्रन. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी काही निस्तरायचं असलं की अधीक्षक साहेबांना माझी आठवण होते. मी पोचले तेव्हा त्यांच्या टेबलावर चौकशीचा अहवाल टाईप होऊन तयार होता. खाली माझ्या सहीपुरती जागा मोकळी सोडली होती.

“पोटाच्या ऑपरेशनची फाईल आहे, मेट्रन,” साहेब म्हणाले. “पेशंटने सर्जनविरुद्ध तक्रार केलीय. शनिवारी कमिटी बसणार, आणि फाईल गायब. नंबरताईंनी एक तर कुणाच्या सांगण्यावरून दडवली, नाहीतर डोकं ठिकाणावर नाही म्हणून हरवली. चोरीचा आळ नको म्हणून मी जरा सौम्य लिहिलंय. वाचा.”

मी वाचलं. ‘वयोमानानुसार विसरभोळेपणा. सेवेतून तात्काळ मुक्त करावे.’

नंबरताई म्हणजे आमची रेकॉर्ड कीपर. अडतीस वर्षं तळघरात बसून तिने शहरातल्या निम्म्या लोकांची आजारपणं रॅकमध्ये लावली. नावं तिच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. माझ्या लेकीच्या जन्माचा केसपेपर नंबर मला सांगता यायचा नाही, तिला यायचा. रिटायर व्हायचं वय उलटलं तरी तिच्याशिवाय फाईल सापडत नाही म्हणून याच साहेबांनी मिनतवाऱ्या करून तिला ठेवून घेतलं होतं. आता सदुसष्टाव्या वर्षी तिच्या कपाळी हा शिक्का मारून तिला घरी धाडायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती मला बाजारात भेटली होती. तेव्हा उभ्या उभ्या दहा मिनिटं चांगली बोलली होती.

अहवाल आधी आणि चौकशी मागून, हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. “सही शनिवारी करीन,” मी म्हटलं. “तोवर चौकशी करून बघते. जुनी खोड आहे, जात नाही.”

तळघरात उतरले. नंबरताई टेबलाशी बसली होती. अंगावरचा कोट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा लोंबत होता. तिने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने म्हणाली, “आपल्याला कुणाचा नंबर हवाय?”

२

तीस वर्षांची मैत्रीण मला ‘आपण’ म्हणत होती. मी खुर्ची ओढून बसले.

“नंबरताई, मी मेट्रन.”

“हो, हो,” ती म्हणाली, पण ते मला बरं वाटावं म्हणून. टेबलावरची लिटरची बाटली तिने उचलली आणि अर्धी एका दमात संपवली.

“आज तारीख काय?”

ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. “सांगते हं,” म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. डोळे मिटू लागले. एकाएकी दचकून उठली, “आलेच,” म्हणाली, आणि कंबर धरून जिन्याकडे गेली. तारीख राहिली ती राहिलीच.

तिच्या हाताखालचा क्लार्क माझी वाटच बघत होता. चाळिशीचा, नीटनेटका, तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला. त्याने खणातून एक वही काढली. “सगळं लिहून ठेवलंय, मेट्रन. सात आठवड्यांत अकरा फायली. कधी हरवली, कुठे सापडली, तारीखवार. दहा सापडल्या, ही अकरावी नाही.”

“कुणी सांगितलं होतं लिहायला?”

“उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा ना.”

असा हा माणूस. पण वही झकास ठेवली होती, ते मान्य केलं पाहिजे. “हे असं कधीपासून चाललंय?” मी विचारलं.

“झाली असतील दोन वर्षं. वय झालंय हो.”

मी रॅककडे गेले. नंबरताईचा एक नियम होता. फाईल काढली की तिच्या जागी हिरवं कार्ड ठेवायचं, त्यावर तारीख, कोणी मागितली ते आणि सही. हरवलेल्या फाईलच्या जागीही हिरवं कार्ड होतं. ‘कमिटीसाठी’, खाली नंबरताईची सही. चोरणारा माणूस मागे स्वतःची सही ठेवून जात नाही. म्हणजे तिने फाईल काढली होती ती रीतसर काउंटरवर द्यायला, आणि रॅकपासून काउंटरपर्यंतच्या वीस पावलांत ती नाहीशी झाली होती.

कार्डावरची तारीख मात्र चुकलेली होती, महिनाच भलता. मग मी वापरून झालेल्या कार्डांचे गठ्ठे उतरवले. ती ते तारखेने बांधून ठेवी. दोन वर्षांची कार्डं एकेक करून पाहिली. सगळ्या तारखा बरोबर, अक्षर मोत्यासारखं. पहिली चूक सात आठवड्यांपूर्वीच्या सोमवारची. त्याच्या आदल्या शुक्रवारी एकोणतीस कार्डं होती आणि एकाही कार्डात चूक नव्हती.

क्लार्क म्हणत होता दोन वर्षं, कार्डं म्हणत होती सात आठवडे. चाळीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांत काढली आहेत. वय कुणाला असं सोमवारी सकाळी येऊन गाठत नाही. दुसरं कुणीतरी किंवा काहीतरी तिच्या मागे लागलं होतं.

३

फाईल गेल्याने फायदा कुणाचा? उघड होतं, सर्जनचा. मी त्यांच्या ओपीडीत जाऊन सरळ विचारलं.

ते उखडलेच. “मी चोरीन? अहो, त्या फाईलमध्ये पेशंटची सही आहे. धोका काय आहे ते मी आधी समजावून सांगितलं होतं, त्याने ऐकून सही केलीय. ती फाईल मिळाली नाही तर मीच मरतो.”

हे खोटं वाटत नव्हतं. मी उठले, तर तेच म्हणाले, “तशी बाई चांगली हो. मीच तिला महिन्यापूर्वी औषध दिलं होतं. पोट साफ होत नाही म्हणत होती.”

“कुठे दिलंत?”

“लिफ्टपाशी. का?”

का ते मलाही अजून कळलं नव्हतं, पण मी टिपून ठेवलं. हाडांचे डॉक्टर जिन्यात भेटले. ती कंबर का धरते, मी विचारलं. “पाच आठवडे झाले असतील. पार्किंगमध्ये भेटल्या होत्या,” ते म्हणाले. “या वयात हाडं झिजायचीच. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. रक्ताचीही चिठ्ठी दिली होती बहुतेक.”

“रिपोर्ट?”

“आला नाही वाटतं.” आणि ते राउंडला निघून गेले.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला कँटीनमध्ये पाच मिनिटं पाहिलं होतं. ‘वयोमानानुसार विसरभोळेपणा’ हे शब्द त्यांचे. साहेबांनी विचारले, त्यांनी चहा पिता पिता सांगितले. कॅज्युअल्टीत मात्र एका सिस्टरने डायरी उघडून दाखवली. अशक्तपणा म्हणून नंबरताईला दोनदा सलाईन लावलं होतं, तेही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून. त्या दोन तारखा मी क्लार्कच्या वहीशी ताडून पाहिल्या.

पहिल्या सलाईननंतर तीन दिवस एकही फाईल हरवली नव्हती. दुसऱ्यानंतरही तीन दिवस नाही.

४

मंगळवारी मी क्लार्कची वही हातात घेऊन चालायला लागले. “कुठेही टाकतात हो,” तो माझ्यामागून येत म्हणाला. “नेम नाही काही.”

नेम होता. एक फाईल जिन्यातल्या खिडकीत सापडली होती, दोन वरच्या पॅसेजमधल्या वॉटर कूलरवर, एक कूलरशेजारच्या बाकावर, तीन बायकांच्या बाथरूमबाहेरच्या कट्ट्यावर. बाकीच्या जिन्याच्या कठड्यावर. काउंटरच्या बाजूला एकही नाही, स्टोअरच्या बाजूला एकही नाही. दहाच्या दहा फायली एकाच वाटेवर मिळाल्या होत्या, आणि ती वाट पाण्याची आणि बाथरूमची होती. बाई फाईल काढायची, कार्ड ठेवायची, काउंटरकडे वळायची, आणि तेवढ्यात घशाला कोरड पडायची. फाईल हातात घेऊन ती पाण्याकडे धावायची. पाणी प्यायलं की आपण कशासाठी उठलो होतो ते डोक्यातून पुसलेलं असायचं.

“ही तहान तुला दिसली नाही?” मी क्लार्कला विचारलं.

“पाणी पितात खूप. त्यात काय लिहायचं?”

मी कूलरपाशी थांबले. कूलर कोरा होता, कंपनीचा कागदही निघाला नव्हता. “हा कधी बसवला?”

“गुरुवारी. जुना गळत होता, तो वर्कशॉपला नेला.”

फाईल बुधवारी गेली होती. मी तडक वर्कशॉपमध्ये गेले. जुना कूलर भिंतीला टेकवून ठेवला होता, अजून कुणी हात लावला नव्हता. मिस्त्रीने तो पुढे ओढला. मागच्या जाळीत, वरून घसरून अडकलेली, कोपऱ्यावर थोडी भिजलेली ती फाईल होती. पेशंटच्या सहीसकट.

साहेबांच्या टेबलावर मी ती ठेवली. ते मोकळे हसले. “चला, मिटलं. आता फक्त त्या अहवालावर सही करा.”

“मिटलं नाही, साहेब,” मी म्हटलं. “त्या बाईला एवढी तहान का लागते ते मला कुणी सांगेल का?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

५

नंबरताईची लेक दार उघडून तशीच उभी राहिली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर वृद्धाश्रमाचा फॉर्म अर्धा भरलेला पडला होता.

“मावशी, मला वाईट म्हणू नका,” ती म्हणाली. “आई गॅस पेटवून बाहेर निघून जाते. दिवसभर पाणी पाणी करते, अर्ध्या तासाला बाथरूम. जेवण नाही. कालच मला विचारलं, तुम्ही कुठल्या वॉर्डच्या? मी कामावर जाऊ की हिला धरून बसू?”

मी तिला वाईट म्हटलं नाही. म्हणण्यासारखी माणसं दुसरीच होती. “औषधं काय देतेस?”

तिने डबा आणला. पोट साफ व्हायचं औषध, आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दिवसाला दोन. प्रत्येक खोक्यावर सुरू केल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली. आईची शिस्त लेकीत उतरली होती.

“आणि केसपेपर दाखव.”

“केसपेपर कुठला? आई तिथेच तर काम करते. दिसेल त्या डॉक्टरला विचारते, ते देतात.”

मी खाली बसले. हॉस्पिटलच्या माणसांची ही रीत मला काय नवीन होती? मीही जन्मभर तेच केलं. आम्ही रांगेत उभे राहत नाही, केसपेपर काढत नाही. जिन्यात डॉक्टर गाठतो, जीभ दाखवतो, सॅम्पलची गोळी घेतो आणि त्याचा वर तोरा मिरवतो. मी रजिस्ट्रेशनला फोन लावून शोधायला सांगितलं. तिथली मुलगी दोनदा शोधून म्हणाली, या नावाचा केसपेपर आपल्याकडे कधी निघालाच नाही.

लाखो लोकांच्या फायली सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावाची फाईल नव्हती. कंबर एकाला माहीत, पोट दुसऱ्याला, डोकं तिसऱ्याला, सलाईन चौथ्याला. ही चार माणसं एका कागदावर कधी आलीच नाहीत. मला इतका संताप आला की लेकीने दिलेला चहा तसाच राहिला.

मग आठवलं. हाडांच्या डॉक्टरांनी रक्ताची चिठ्ठी दिली होती. तिने रक्त दिलं असेल तर रिपोर्ट कुठेतरी असणार.

६

लॅबमध्ये भिंतीला एक खिळा आहे. ज्या कागदांचा मालक सापडत नाही ते कागद त्याला टोचून ठेवतात. मी ते एकेक करून काढले. सातवा कागद पाच आठवड्यांपूर्वीचा होता. नावाच्या जागी ‘स्टाफ’. स्त्री, वय ६७. नमुना सकाळी आठला घेतलेला. कॅल्शियम १३.८, आणि त्याभोवती लाल पेनाने दोनदा गोल.

“साडेदहाच्या वर गेलं तरी आम्ही फोन करतो,” टेक्निशियन म्हणाला. “पण फोन कुणाला करणार? नाव नाही, वॉर्ड नाही.”

“मग खिळ्याला लावलंस?”

त्याने उरलेले कागद गोळा केले आणि एकेकाची तारीख बघू लागला.

बुधवारी सकाळी लेकीला बरोबर घेऊन मी नंबरताईला रांगेत उभी केली, तिचा केसपेपर काढला आणि नव्या फिजिशियनपुढे बसवली. ही डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान, पण तिने पेन खाली ठेवून ऐकलं, हे मी आधी लिहून ठेवते. मी सगळे पुरावे मांडले आणि छाती काढून निकाल दिला. “कॅल्शियमच्या गोळ्या! अंगात कॅल्शियम वाढलं म्हणून ही तहान, हा गोंधळ. हाडवाल्याने दिल्या आणि बिचाऱ्या लेकीने प्रेमाने चारल्या.”

लेक खोक्यावर स्वतःच्याच हाताने लिहिलेली तारीख पुन्हा वाचू लागली.

डॉक्टरणीने गोळ्यांचं खोकं उचललं आणि खिळ्यावरचा कागद त्याच्या शेजारी ठेवला. “मेट्रन, तारखा बघा. दोन्हींवर एकच दिवस. रक्त घेतलंय सकाळी आठला. पहिली गोळी ह्यांनी दिली संध्याकाळी.” ती लेकीकडे वळली. “तुमचा काही दोष नाही. पहिली गोळी पोटात जायच्या आधीच कॅल्शियम एवढं वर गेलेलं होतं. आणि चुका तर त्याच्याही दोन आठवडे आधी सुरू झाल्या.”

माझी छाती जागच्या जागी बसली. “मग आलं कुठून?”

“एवढं कॅल्शियम शरीरात एकाच ठिकाणी असतं,” ती म्हणाली आणि नंबरताईने कंबरेवर दाबून धरलेल्या हाताकडे बघत राहिली. “एक्स-रे काढू. कंबरेचा, आणि डोक्याचाही.”

तासाभराने फिल्म लाईट बॉक्सवर लागली. वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मणक्यांत आणि कवटीत गोल गोल भोकं होती, आणि एक मणका चेपलेला.

कॅन्सर होता. हाडांच्या आतल्या मगजात, रक्त तयार होतं तिथे, लपून बसलेला. पुढच्या तपासण्यांनी तेच सांगितलं. तो हाडं विरघळवत होता आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरत होतं. त्याने मेंदू मंदावला, आतडी मंदावली, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येईना. तहान, कंबर, पोट आणि विसर यांचं मूळ एकच. सलाईनने कॅल्शियम थोडं धुऊन निघायचं, म्हणून तीन दिवस डोकं ताळ्यावर यायचं. त्या तीन दिवसांत तिला काय काय कळत असेल, हा विचार मी अजूनही टाळते.

तिला त्याच दिवशी ॲडमिट केलं. सलाईन, हाडं धरून ठेवणारं इंजेक्शन, गोळ्या बंद. शनिवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर तिने एक डोळा उघडला. “मेट्रन,” ती म्हणाली, “तू माझ्या कार्डांचे गठ्ठे उलटेसुलटे लावलेस म्हणे.”

७

कमिटीपुढे साहेबांनी आपला अहवाल पुढे सरकवला. मी माझा काढला आणि उभी राहून वाचला.

“फाईल कुणीही चोरली नाही. नंबरताईंचा गोंधळ सात आठवड्यांचा आहे आणि त्याला कारण आहे. ते कारण शोधायची संधी या हॉस्पिटलला पुढील ठिकाणी मिळाली: लिफ्टपाशी, सर्जन. पार्किंगमध्ये, हाडांचे डॉक्टर. कँटीनमध्ये, मानसोपचार. कॅज्युअल्टीच्या खुर्चीवर, दोनदा. लॅबच्या खिळ्यावर, पाच आठवडे. क्लार्कच्या वहीत, अकरा वेळा. अधीक्षकांच्या टेबलावर, टाईप करून.”

“हे जरा जास्त होतंय, मेट्रन,” सर्जन म्हणाले.

“कमीच आहे,” मी म्हटलं. “चाळिशीचा माणूस आठवड्याभरात बायकोला ओळखेनासा झाला तर तुम्ही त्याचं डोकं, छाती, पोट, सगळं तपासून काढाल. ही सदुसष्टची, म्हणून तुम्हाला काहीच तपासावंसं वाटलं नाही. केस पांढरे दिसले की आपण निकाल देऊन मोकळे. दोन महिन्यांपूर्वी रक्त बघितलं असतं तर तो मणका वाचला असता. ती आता परत कधी तळघराचा जिना उतरणार नाही. त्याच्या जबाबदारीची सही कोण करतंय?”

मी पान उलटलं.

“यादीत अजून एक ठिकाण आहे,” मी म्हटलं आणि शेवटची ओळ वाचली. “बाजारात, माजी मेट्रन.”

दोन महिन्यांपूर्वी भेटली होती तेव्हा ती चांगली बोलली होती, असं मी सगळ्यांना सांगत होते. काय बोलली ते सांगत नव्हते. ती म्हणाली होती, “हल्ली तोंड सारखं कोरडं पडतं गं, आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. काय असेल?” मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली होती. म्हटलं होतं, “वय झालं आपलं.” आणि पिशवी उचलून घरी आले होते.

तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं. औषधं लागू पडत होती. आजार पाठ सोडणारा नाही, पण काही वर्षं मिळतील, डोकं शाबूत ठेवून मिळतील, असं डॉक्टरणीने तिला समोर बसवून सांगितलं होतं. लेकीने वृद्धाश्रमाचा फॉर्म फाडला होता. मी बाजारातली गोष्ट तिला सांगितली, माफी मागितली. ती म्हणाली, “मला आठवतंय. घरी जाईपर्यंत राग आला होता.” पुढे काही म्हणाली नाही, आणि मीही सोडून दे म्हणून गळ घातली नाही.

डिस्चार्जचा कागद आला. तिने चष्मा लावून तो सवयीने वरपासून वाचायला घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कुणा शहाण्या ज्युनियरने साहेबांच्या जुन्या अहवालावरून उतरवलं होतं, ‘पूर्वेतिहास: वयोमानानुसार विसरभोळेपणा.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आण इकडे, फाडते.”

“रेकॉर्ड फाडत नाहीत.”

“मग काळं करते.”

“काळंही करायचं नाही. खालचं वाचता आलं पाहिजे. कुणी काय लिहिलं होतं ते दिसायला नको?” तिने हात पुढे केला. “पेन दे.”

तिने त्या ओळीवरून एक सरळ रेघ मारली. शेजारी सही केली. मग कुणाला न विचारता, मान वर न करता, तारीख, महिना आणि वर्ष लिहिलं, आणि कागद माझ्या हातात दिला.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बरोबर होती.